कोणासाठी गावे?

धाकट्या चिरंजीवांच्या आग्रहावरून गेल्या साली आम्ही फ्रान्सात गेलो होतो. तेथे सार्थ नदीकाठी सोलेम गावी बेनेडिक्टच्या संप्रदायातील साधूंचा मठ आहे. मूळ स्थापना १०१० सालची. फ्रेंच राज्यक्रांतीत तो बंद पडला. १८३३ साली प्रॉस्पेर गेरांझे या धर्मगुरूने पुन्हा वसविला. बिघडत गेलेले ग्रेगोरियन गायन जुन्या पोथ्या ताडून शुद्ध करण्याचे मोठे काम याच मठाने केले.

सायंप्रार्थनेस आम्ही मागच्या बाकावर बसलो. साधूंच्या दोन रांगा समोरासमोर, आपल्या टाळकऱ्यांसारख्या. पण टाळ नाही, मृदंग नाही. भाषा लॅटिन, आम्हांस एक अक्षर कळेना. एक रांग एक चरण म्हणे, पुढचा दुसरी उचली. चरणाच्या मध्यावर सगळे एकदम थांबत, क्षणभर शांतता, मग पुढे. कोणाचाही आवाज दुसऱ्याच्या वर जात नव्हता.

गायन संपले. ‘वाहवा’ अगदी ओठांवर आले होते, ते गिळले. साधू वाकले आणि निघून गेले. बाकांवर आम्ही धरून सहा माणसे. आमच्याकडे कोणी पाहिलेही नाही. आम्ही नसतो तरी गायन तसेच झाले असते. बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमांत, आठवड्यात सर्व १५० स्तोत्रे म्हणावीत आणि मुखाशी मन जुळलेले असावे, असे सांगितले आहे. श्रोते किती असावेत, ते सांगितलेले नाही.

तिथं बसल्या बसल्या आम्हांस एक जुनी एकादशी आठवली. पाऊस मुसळधार, देवळात अवघी अकरा माणसे. घसा बसल्याची सबब सांगून आम्ही अर्ध्या तासात कीर्तन आटोपले. घसा ठणठणीत होता, सज्जनहो! त्या अकरांत एक म्हातारी दोन कोस चिखल तुडवून आली होती.

कोणी म्हणेल, ‘बुवा, ते साधू देवासाठी गातात, कीर्तन तर लोकांसाठीच असतं ना?’ खरे आहे. लोकांस चार गोष्टी सांगणे हा कीर्तनकाराचा धर्मच आहे. पण ती म्हातारी लोकांतलीच नव्हती काय? आम्हांस लोक नको होते, गर्दी हवी होती. गर्दीसाठी गाणाऱ्याचे गाणे देवालाही पोचत नाही आणि म्हातारीलाही.

हे कळायला आम्हांस साठी उलटावी लागली आणि परक्या भाषेतले गाणे ऐकावे लागले. आता उभे राहण्यापूर्वी माणसे मोजायची नाहीत, असे ठरविले आहे. डोळे अजून मोजतातच. अभ्यास चालू आहे.

राम कृष्ण हरि.