हे कोणाला सांगायचं होतं?

२००५-०६ साली मराठीत ब्लॉग लिहायचा, तर आधी संगणकाची मनधरणी करावी लागे. विंडोज एक्सपीवर देवनागरी पान उघडलं, की डावीकडची ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसायचे. त्यावर उपाय होता. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या चौकटीत एक खूण केली, की सगळं जागच्या जागी येई. पण खूण करताच यंत्र एक्सपीची मूळ सीडी मागायचं, आणि केडगावात पुणे रस्त्यालगतच्या सायबर कॅफेत मूळ सीडी कोणाकडे असणार! मग कोणाच्या तरी घरच्या संगणकावर 'बरहा'मध्ये मजकूर लिहायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा, कॅफेत जाऊन चिकटवायचा आणि भारनियमनाची वेळ होण्याआधी प्रकाशित करून मोकळं व्हायचं. आपलं लिखाण कॅफेच्या पडद्यावर नीट वाचताही यायचं नाही. ते वाचणार कोण? एखादा चुलतभाऊ न्यू जर्सीत, एखादी मैत्रीण पुण्याच्या आयटी कंपनीत, आणि ओळखपाळख नसलेले चार-दोन जण.

हे केडगाव नगरचं, रेणुकामातेचं. दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव वेगळं. आमचं केडगाव कागदोपत्री महापालिकेत, पण वळण अजून गावाचंच. इथे बसून त्या काळातले आवडते मराठी ब्लॉग पुन्हा वाचताना एक प्रश्न सारखा पुढे येतो. त्यातलं काही लिखाण अजून ताजं का वाटतं, आणि बाकीचं इतकं शिळं का झालं? उत्तर शोधायचं, तर ब्लॉग म्हणजे काय याची आपली समजूत कशी बदलत गेली ते पाहावं लागतं.

पहिली समजूत मुक्तीची होती. 'वेब्लॉग' हा शब्द १९९७ साली जोर्न बार्गर या अमेरिकन माणसाने रूढ केला. १९९९ मध्ये पायरा लॅब्सने 'ब्लॉगर' सुरू केलं, २००३ च्या फेब्रुवारीत ते गूगलने घेतलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'वर्डप्रेस' आलं. युनिकोडमुळे श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांची कटकट संपत आली. आता मजकूर ज्याने लिहिला त्याच्याच संगणकावर दिसेल, अशी अट उरली नाही. मराठी लिहिणाऱ्याला यात सर्वांत मोठं सुख कुठलं वाटलं असेल, तर 'साभार परत' नावाचा प्रकारच नाहीसा झाला. संपादक नाही, शब्दमर्यादा नाही, दिवाळी अंकाची ओळखीपाळखीची रांग नाही.

ही ओढ मराठीला नवी नव्हती. साठच्या दशकात अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी 'असो', 'वाचा', 'येरू' अशी अनियतकालिकं काढली, त्यामागेही प्रस्थापित मासिकांना वळसा घालण्याचीच जिद्द होती. सायक्लोस्टाइलच्या शाईने हात काळे करायचे आणि अंक ओळखीच्यांत वाटायचे. त्या अंकांचं तेज मात्र नुसत्या संपादक नसण्यातून आलं नव्हतं. लिहिणारे एकमेकांचे कडवे वाचक होते, हे त्याहून महत्त्वाचं होतं. ब्लॉगच्या पहिल्या उत्साहात ही दुसरी बाजू कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही.

ती पुढच्या दोन-तीन वर्षांत आपोआप आली. ब्लॉगच्या कडेच्या रकान्यात 'मी वाचतो ते' अशी यादी असे. एकाच्या यादीवरून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असं फिरता फिरता रात्र उलटायची. कोणी आवडत्या पुस्तकांवर लिही आणि शेवटी पाच जणांना 'खो' देई. ते पाच जण आपापल्या ब्लॉगवर लिहीत आणि पुढे खो देत. कवितांच्या अनुवादाचाही असा खो-खो रंगलेला आठवतो. गूगल रीडर २००५ च्या ऑक्टोबरात आलं, त्यामुळे कोणी नवं लिहिलं की ते पानात पडल्यासारखं समोर येई. 'रेषेवरची अक्षरे' या नावाने काही ब्लॉगलेखकांनी २००८ च्या सुमारास वर्षभरातलं निवडक ब्लॉगलेखन दिवाळीला एकत्र मांडायला सुरुवात केली. म्हणजे ज्या संपादकाला दाराबाहेर ठेवलं होतं, त्याला पाहुणा म्हणून घरात बोलावलं गेलं, आणि ते चांगलंच झालं. तेव्हा ब्लॉग म्हणजे शेजार, अशी समजूत झाली.

या शेजाराला उतरती कळा लागली ती फेसबुकमुळे, असं सरसकट म्हटलं जातं. २००६ च्या सप्टेंबरात फेसबुक सर्वांना खुलं झालं आणि २०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर बंद झालं. या दोन तारखांच्या मधे ब्लॉगांची वस्ती विरळ होत गेली, हे खरं. पण जुनी पानं नीट पाहिली तर कीड घरातच दिसते. कडेच्या रकान्यात, 'माझ्याविषयी'च्या खाली, एक छोटं काळं यंत्र आकडे फिरवत बसलेलं असायचं. आजवर भेट दिलेले इतके, आत्ता हजर इतके. त्याखाली जगाचा नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. हे यंत्र कोणी लादलं नव्हतं, ज्याने त्याने हौसेने आणून बसवलं होतं. ते बसल्यावर लिखाण कसं बदललं, हे महिन्यांच्या यादीवरून खाली उतरत गेलं की स्पष्ट दिसतं. आधी नोंदींना मथळे असत 'असंच', 'पाऊस', 'काल रात्री'. पुढे 'मराठी माणूस मागे का?' असे मथळे येऊ लागतात आणि प्रतिक्रियांचा आकडा तिपटीने वाढतो. फेसबुकने ही सवय निर्माण केली नाही, तयार पिकात फक्त यंत्र घातलं.

आज वाचताना 'मराठी माणूस मागे का?' एका परिच्छेदापुढे जात नाही. त्या काळातले सिनेमे, निवडणुका, भाषेचे वाद यांवरची घणाघाती मतंही विझून गेली आहेत. आणि टिकलंय काय? परदेशात गेलेल्या एका बाईची नोंद आहे. बाहेर बर्फ आहे, हातात कॉलिंग कार्ड आहे, आणि कार्डावरची मिनिटं संपत आलेली असताना आई डाळीच्या फोडणीत आधी काय घालायचं ते सांगतेय. फोडणी पूर्ण होण्याआधी फोन तुटतो. पुढे बाई कसलंही तात्पर्य काढत नाही, त्या दिवशी डाळ कशी झाली एवढंच सांगते. दुसऱ्या एकाने बाजरीच्या खळ्याविषयी लिहिलं आहे. त्यात गावाची आठवण येते वगैरे काही नाही. वारा पडला की उपणणी कशी थांबते आणि सगळे पाटीवर हात ठेवून कसे वाट बघत उभे राहतात, ते आहे. दोन्ही नोंदींखाली प्रतिक्रिया मोजक्याच. ती बाई बहुधा बहिणीला सांगतेय. तो गडी खळं न पाहिलेल्या मित्राला सांगतोय. ऐकणारा डोळ्यांपुढे आहे, म्हणून काय सांगायचं आणि काय गाळायचं हे आपोआप ठरलं आहे.

या दृष्टीने पाहिलं तर आम्हा नगरवाल्यांच्या दाराशीच दोन मोठे दाखले आहेत. केडगावहून दुचाकीने अर्ध्या तासाच्या आत नगरचा किल्ला लागतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे स्थानबद्ध झाले. नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रं लिहीत होते. ही पत्रं पोस्टात पडणार नाहीत, हे माहीत असूनही लिहीत होते. पुढे १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यांत पहाटे स्वतः केलेला बिनदुधाचा चिनी चहा आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडण आणि मग दोस्ती आहे, आणि १९४३ मध्ये कलकत्त्याला पत्नीचं निधन झालं तेव्हाचं दुःखही आहे. देशाचं राजकारण ऐन भरात असताना काँग्रेसचा अध्यक्ष चिमण्यांवर पानंच्या पानं लिहितो, कारण समोर सभा नाही. समोर एक मित्र आहे आणि त्याला घाई नाही.

दुसरा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. रेव्हरंड टिळकांबरोबरचा त्यांचा संसार बराच काळ नगरला झाला. रीतसर शिक्षण जवळजवळ नाहीच. मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या आणि बाईंनी त्या जशा सांगाव्यात तशा लिहिल्या. १९३४ पासून भागाभागांनी 'स्मृतिचित्रे' बाहेर आलं. पहिला वाचक घरचाच, त्यामुळे नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला झाकायचंही कारण नव्हतं आणि रंगवायचंही.

यावर कोणी लोकहितवादींचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये गोपाळ हरी देशमुखांनी याच टोपणनावाने शतपत्रं लिहिली, ती काही मित्राला नव्हती. सबंध समाजाला खडसावणारी होती, तरी टिकली. पण त्यांतही बोलणं कोणाशी चाललंय, हे ठरलेलं आहे. आपल्याच जातीच्या, शिकल्या-सवरल्या, आळसावलेल्या मंडळींशी ते भांडतात. वाचक एक असो की एक वर्ग असो, लिहिणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत असतो. आकड्याला चेहरा नसतो. आकडा समोर आला, की माणूस सर्वांना पटेल किंवा सर्वांना झोंबेल असं लिहू लागतो, आणि दोन्ही प्रकारांत स्वतःचं गाव, स्वतःचं खळं, स्वतःची डाळ गळून जाते.

जुन्या ब्लॉगांचे गोडवे गाताना आणखी एक हिशेब चुकता करायला हवा. त्या शेजारात राहायला कोण होतं? बहुतेक शहरी, इंग्रजी शिकलेले, संगणकावर पोट असलेले, आणि त्यातही बरेच परदेशी गेलेले. घरी संगणक, वर टेलिफोनची तार, आणि रात्रीची वीज असेल तोच इथे पोचणार. नगर जिल्ह्यातला कांदा पिकवणारा, ऊसतोडीला जाणारा, अंगणवाडीत काम करणारी यांतलं कोणी त्या यादीत क्वचितच सापडतं. आज नेप्तीच्या बाजारात कांद्याचा लिलाव झाला, की शेतकरी गाडीवर बसल्या बसल्या भाव आणि त्यावरचा आपला शेरा भावकीच्या व्हॉट्सॲप गटात बोलून टाकतो. त्याला सीडी लागली नाही, टंकलेखन लागलं नाही. त्या शेऱ्यांत कधी कधी असं गद्य असतं, की २००६ च्या उत्तम ब्लॉगाने मान खाली घालावी. आणि तिथेही नेम तोच आहे. भावकीला सांगितलेलं अस्सल उतरतं, तेच रील करून सांगायला गेलं की आवाज बदलतो.

म्हणून 'ब्लॉग परत आणा' या हाकेत मला फारसं तथ्य दिसत नाही. परत आणायचीच तर एक शिस्त आणता येईल. लिहिण्याआधी ऐकणारा ठरवायचा, आणि लिहून झाल्यावर आकडा बघायचा नाही. ही शिस्त फेसबुकवर पाळता येते, वहीत पाळता येते, भावकीच्या गटात तर पाळावीच लागते, कारण तिथे खोटं बोललं तर संध्याकाळी पारावर गाठ असते.

जुन्या ब्लॉगांचं मात्र एक काम लगेच करण्यासारखं आहे. जिओसिटीजची मोफत पानं २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा कित्येकांचं लिखाण रातोरात गेलं. फुकटच्या जागेचं हे असंच असतं, मालकाच्या मर्जीवर. त्या काळी लिहिणारे आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांनी आपल्या नोंदींच्या छापील प्रती काढून घरातल्या मुलांच्या हाती द्याव्यात, आणि काढताना निवड करावी. निवडीची कसोटी सोपी आहे. जी नोंद वाचताना, ती आपण कोणाला सांगत होतो हे अजून आठवतं, ती ठेवावी. ज्या नोंदीचा फक्त प्रतिक्रियांचा आकडा आठवतो, ती गेली तरी कोणाचं काही अडणार नाही.