पैसे घ्या, नंबर कशाला?

एप्रिल २०२३ मध्ये खासदार महुआ मोइत्रा दिल्लीतल्या एका खेळसाहित्याच्या दुकानात वडिलांसाठी पँट घ्यायला गेल्या होत्या. किंमत १,४९९ रुपये, तीही रोख द्यायची तयारी. पण मोबाईल नंबर आणि ईमेल दिल्याशिवाय बिल होणार नाही, असे व्यवस्थापकाने सांगितले. मोइत्रा यांनी ही गोष्ट ट्विटरवर मांडली आणि देशभरातल्या असंख्य ग्राहकांना आपलाच अनुभव कुणीतरी बोलून दाखवल्यासारखे वाटले. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना सूचना पाठवली, की नंबर दिला नाही म्हणून माल किंवा सेवा नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नंबर घेतल्याखेरीज बिल करता येत नाही, या दुकानदारांच्या म्हणण्याला काही आधार नाही, असे विभागाचे तेव्हाचे सचिव रोहित कुमार सिंह यांनीही स्पष्ट केले होते.

ही सूचना निघाली, बातम्या झाल्या आणि विषय तिथेच थांबला.

पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही मॉलमध्ये रविवारी संध्याकाळी बिलाच्या रांगेत उभे राहून पाहावे. कपड्यावरची चिठ्ठी मशीनखाली जाण्याआधी प्रश्न येतो, ‘मॅडम, मोबाईल नंबर?’ मॅडम सवयीने दहा आकडे सांगतात. काउंटरवरचा मुलगा खात्रीसाठी ते मोठ्याने परत म्हणतो. स्क्रीनवर नाव उमटते, तेही वाचून दाखवतो. मागे उभ्या असलेल्या पाच-सहा अनोळखी माणसांना एका बाईचे नाव, नंबर आणि तिने काय विकत घेतले हे सगळे एका मिनिटात कळलेले असते. एखादी म्हणते, ‘नंबर नाही द्यायचा.’ मग उत्तर येते, ‘सिस्टीम पुढेच जात नाही हो.’ रांग चुळबुळू लागते. फारच ताणले गेले तर तो मुलगा स्वतःचा नंबर टाकतो, नाहीतर दहा वेळा नऊ दाबतो, आणि बिल निघते.

ते दहा नऊ बरेच काही सांगून जातात. खोट्या नंबरावर बिल निघत असेल, तर बिलासाठी खऱ्या नंबराची गरज नव्हती. अडवणूक यंत्राची नसते. ते यंत्र ज्याने तसे बसवून घेतले त्याची असते. काउंटरवरच्या मुलाशी भांडण्यात म्हणूनच अर्थ नाही. अनेक साखळी दुकानांत दिवसभरात किती ग्राहकांचे नंबर घेतले याचा हिशेब त्याच्याकडून मागितला जातो. नियम वर ठरतो आणि ग्राहकाचा राग खाली, सर्वांत कमी पगाराच्या माणसाला झेलावा लागतो.

‘जीएसटीसाठी लागतो’ हे उत्तरही सर्रास मिळते. ते खरे नाही. नोंदणी नसलेल्या सामान्य ग्राहकाच्या पन्नास हजारांखालच्या खरेदीत त्याचे नाव-पत्ताही बिलावर घालणे सक्तीचे नाही, त्याने स्वतः मागितले तरच घालायचे. पन्नास हजारांच्या वर नाव-पत्ता लागतो. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो. औषधांच्या बाबतीत ‘एच-१’ अनुसूचीतली औषधे विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. या प्रत्येक नियमामागे कारण आहे: करचुकवेगिरी, काळा पैसा, प्रतिजैविकांचा बेसुमार वापर. आणि यांपैकी एकाही नियमात ग्राहकाचा मोबाईल नंबर मागितलेला नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो विचारात घ्यावा असा आहे. पूर्वी वाण्याला घरातले सगळे ठाऊक असायचेच की! कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा पगार लांबला, कुणी साखर कमी केली, हे सगळे त्याच्या उधारीच्या वहीत दिसायचे. तेव्हा कुणाला खासगीपणाची आठवण झाली नाही, मग आताच का?

कारण ती ओळख दोन्ही बाजूंची होती. गिऱ्हाईक वाण्याला ओळखायचे, त्याच्या घरच्या कार्याला जायचे, आणि त्याने कुणाच्या उधारीची वाच्यता केली तर आळीत त्याची पत जायची. वही गल्ल्याखालच्या फळीवर असायची आणि दुकानाबाहेर जायची नाही. आजच्या काउंटरवर सांगितलेला नंबर कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर जातो, कोणती विपणन कंपनी तो वापरते, किती वर्षे ठेवते, हे ग्राहकाला माहीत नसते आणि काउंटरवरच्या मुलालाही नसते. उधारीची वही ग्राहकाच्या गरजेतून उघडली जायची. इथे तर ग्राहक पूर्ण पैसे मोजून मोकळा झालेला असतो. व्यवहार संपला, तरी त्याच्याकडून आणखी काहीतरी काढून घेतले जाते आणि त्याची पावती कुठे मिळत नाही.

शिवाय भारतात मोबाईल नंबर हा आता नुसता संपर्काचा पत्ता राहिलेला नाही. बँकेचे खाते, यूपीआय, आधार, गॅसचे बुकिंग, मुलांच्या शाळेचे निरोप, सगळे एकाच नंबराला बांधलेले असते. ओटीपी त्यावरच येतो. लोक घर बदलतात, नोकरी बदलतात, नंबर मात्र वर्षानुवर्षे तोच ठेवतात. त्यामुळे चपलांच्या दुकानातली यादी, औषधांच्या दुकानातली यादी आणि खेळण्यांच्या दुकानातली यादी शेजारी ठेवली, की त्या दहा आकड्यांभोवती एक आख्खे कुटुंब उभे राहते: घरात लहान मूल आहे, आजोबांना मधुमेह आहे, खरेदी पगाराच्या आठवड्यात होते.

अशा याद्या फुटतातही. आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेल ही कपड्यांच्या क्षेत्रातली देशातली एक मोठी कंपनी. २०२१ च्या अखेरीस तिच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि पुढच्या महिन्यात सुमारे ५४ लाख ईमेल पत्त्यांशी जोडलेली माहिती हॅकरांच्या अड्ड्यावर उघडी पडली. तीत नावे, फोन नंबर, पत्ते, जन्मतारखा आणि काय काय मागवले त्याची नोंद होती. २०२१ मध्येच डॉमिनोजच्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर पडला आणि कुणीही नंबर टाकून शोधावा अशी सोयही चोरांनी करून दिली. भामट्याच्या हाती नुसता नंबर लागला तर फोन कापता येतो. पण ‘मागच्या महिन्यात तुम्ही अमुक दुकानातून अमुक वस्तू घेतलीत ना?’ असे विचारणारा माणूस एकट्या राहणाऱ्या वृद्धाला खरा वाटतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली आयुष्यभराची पुंजी गमावलेल्यांच्या बातम्या वाचताना चोरांना इतके तपशील मिळतात कुठून, हा प्रश्न पडायला हवा.

बायकांच्या दृष्टीने धोका आणखी जवळचा. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मोबाईल रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याचे ‘हिंदुस्तान टाइम्स’ने उघड केले होते. मुलगी दिसायला कशी आहे यावरून पन्नास ते पाचशे रुपयांपर्यंत दर. तिथे हॅकर नव्हता, सर्व्हर नव्हता. एक वही होती आणि विश्वासाने सांगितलेला नंबर होता. मॉलच्या रांगेत मोठ्याने नंबर उच्चारायला लावणाऱ्या व्यवस्थापनांनी ही बातमी एकदा वाचायला हवी.

दुकान बंद पडले, की यादीचे काय होते? अमेरिकेतल्या रेडिओशॅकने याचे उत्तर दिले आहे. सेलची एक जोडी घेतली तरी नाव-पत्ता विचारणारे दुकान म्हणून ते प्रसिद्ध होते. ग्राहकांची यादी विकणार नाही, अशी ग्वाही ते देत असे. २०१५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, तेव्हा इतर मालमत्तेबरोबर ११ कोटी ७० लाख ग्राहकांची माहितीही विक्रीला निघाली. टेक्सासच्या पुढाकाराने अनेक राज्यांनी हरकत घेतली म्हणून त्यातला बहुतेक भाग नष्ट करावा लागला. ग्वाही देणारी कंपनीच उरली नाही, तर ग्वाही पाळायची कुणी?

त्याच देशातला कॅलिफोर्नियाचा एक निकाल आपल्याकडच्या वकिलांनी अभ्यासावा असा आहे. विल्यम्स-सोनोमा या दुकानात एका ग्राहक महिलेला बिलाच्या वेळी फक्त पिनकोड विचारला गेला. क्रेडिट कार्डासाठी लागत असेल, असे समजून तिने तो दिला. दुकानाने कार्डावरचे नाव आणि पिनकोड जुळवून तिच्या घराचा पत्ता शोधून काढला. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पिनकोडसुद्धा वैयक्तिक माहिती आहे आणि कार्डाच्या व्यवहारात तो मागून नोंदवणे कायद्याचा भंग आहे. पिनकोड हजारो घरांचा एक असतो. मोबाईल नंबर एकाच माणसाचा असतो.

आपल्याकडे पाया भक्कम आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने, म्हणजे मे २०२७ उजाडणार. संमती मोकळी, विशिष्ट, विनाअट आणि कामापुरत्या माहितीचीच असली पाहिजे, असे कायदा म्हणतो. माहिती कशासाठी हवी ते सांगणारी सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय आहे. सुरक्षेत हलगर्जी केल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे.

मात्र याच कायद्याच्या सातव्या कलमात एक फट आहे आणि ती नेमकी बिलाच्या काउंटरवर उघडते. ग्राहकाने आपणहून माहिती दिली आणि नकार कळवला नाही, तर त्या कामापुरती ती वापरता येते. कायद्यात दिलेले उदाहरणच औषधाच्या दुकानाचे आहे: एक ग्राहक स्वतः नंबर देऊन पैसे मिळाल्याचा संदेश पाठवायला सांगते आणि दुकान तेवढ्यासाठी नंबर वापरू शकते. उदाहरणातल्या ग्राहकाने स्वतःहून मागणी केली आहे. प्रत्यक्षात प्रश्न दुकान विचारते, तोही हुकमाच्या सुरात, आणि मागे रांग असते. त्या क्षणी दिलेला नंबर ‘आपणहून’ दिला असे धरले, तर संमतीच्या सगळ्या अटी कागदावर राहतील.

औषधाच्या दुकानात तर ही बाब फार नाजूक होते. मानसिक आजारावरच्या गोळ्या, गर्भचाचणीचे किट, क्षयाची औषधे, हे सगळे पाच-दहा टक्के सवलतीच्या बदल्यात नंबराशी जोडले जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आरोग्याच्या माहितीला संवेदनशील असा वेगळा दर्जा दिला होता. नव्या कायद्यात तो वर्गच नाही. सदऱ्याचे माप आणि एचआयव्हीचे औषध कायद्याच्या एकाच रकान्यात येतात. ही चूक दुरुस्त व्हायला हवी.

ज्याला पॉइंट्स हवेत, घरपोच सामान हवे, फ्रीजची वॉरंटी नोंदवायची आहे, त्याने नंबर जरूर द्यावा. त्यात गैर काही नाही. फक्त प्रश्नाचा क्रम बदलावा. आधी बिल, पैसे, छापील पावती. मग ज्याला हवे त्याला योजना समजावून सांगावी. आकडे मोठ्याने वदवून न घेता ग्राहकाला स्वतः टाइप करू द्यावेत. आणि बिलाच्या प्रणालीत नंबराचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाता आलेच पाहिजे, अशी सक्ती असावी.

ही शेवटची गोष्ट तपासायला मोठी यंत्रणा नको. राज्याच्या वैधमापन खात्याचे निरीक्षक दुकानांत जातात, तराजू तपासतात, पाकिटावरची छापील किंमत पाहतात. हा अधिकार त्यांना नियमाने दिला, तर काउंटरवर एखादी वस्तू घेऊन नंबर न देता बिल निघते का, हे ते पाच मिनिटांत पाहू शकतील. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे आणि ग्राहकांच्या हक्कांसाठी झगडण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. ग्राहक संघटनांनी मे २०२७ ची वाट न पाहता राज्य सरकारकडे आत्ताच ही मागणी लावून धरावी. तोवर नकार देणाऱ्याला माल नाकारला गेला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार करताना दुकानाचे नाव, तारीख आणि ‘नंबराशिवाय बिल होत नाही’ असे कोणी सांगितले ते नोंदवावे. २०२३ ची सूचना निघाली ती अशाच तक्रारींमुळे.