दुसरा डोस

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. हे ज्याने प्रथम सांगितले तो मोठा व्यवहारी असला पाहिजे. सोन्याचे मांजर घडविण्याची ऐपत लाखात एखाद्याची. तेव्हा इतरांना मांजर न मारणे हाच परवडणारा मार्ग उरतो. पण या हिशेबाच्या वहीत एक रकाना कोराच राहिला आहे. मांजर आपल्या हातून मेले तर काय करायचे ते ठरले. ते आपल्या डोळ्यांदेखत मेले, किंवा आपण मायेने पाजलेल्या दुधाने मेले, तर काय, हे कुणीच सांगून ठेवलेले नाही.

आमच्या ठाकुर्लीत हा कोरा रकाना दर पावसाळ्यात उघडा पडतो. रेल्वेच्या जुन्या चाळी, बंद पडलेले पॉवर हाऊस आणि चोळेगावची घरे ही इथली जुनी ओळख. आता जिकडेतिकडे उंच इमारती झाल्या आहेत. मांजरीला चाळ काय नि टॉवर काय, पिल्ले घालायला एक कोरडा कोपरा हवा. तो जिन्याखाली, मीटरच्या खोलीत किंवा महिनोन्‌महिने न हललेल्या स्कूटरच्या ताडपत्रीखाली मिळतो. पिल्ले महिन्याची झाली की बाहेर डोकावू लागतात, आणि शाळेतून आलेली मुले दप्तर न ठेवताच तिकडे धावतात. पहिल्या मजल्यावरून दुधाची वाटी येते, तिसऱ्यावरून दूधपोळी, आणखी कुठून बिस्किटाचा चुरा. चार दिवस सारी इमारत आनंदात असते. मग पिल्लांना जुलाब सुरू होतात. शेपटीखालचे केस चिकटतात, जिन्यात वास सुटतो. पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणते, "घाण करतात, कुठेतरी सोडून या." आणि एक खोका निघतो. मासळी बाजाराजवळ सोडले म्हणजे खायला मिळेल, अशी मनाची समजूतही घातली जाते. आईपासून तोडलेले, जुलाबाने गळालेले पिल्लू तिथे किती तास टिकेल, हे कुणी विचारीत नाही. उपाशी तडफडेल अशा स्थितीत जनावराला टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे; पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. दूध पाजणारी आणि खोका नेणारी माणसे एकाच इमारतीतली असतात, पुष्कळदा एकाच घरातली. ती क्रूर नसतात. मग चार दिवसांत त्यांच्या दयेचे होते काय?

दया अपुरी पडली, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दया भरपूर होती. तिला पुढची तारीख तेवढी ठाऊक नव्हती. माझे म्हणणे नीट मांडायचे तर आधी त्या जुलाबांकडेच पाहिले पाहिजे. विषय सणासुदीचा नव्हे. पण ज्यांनी घरात लहान मूल वाढवले आहे त्यांना तो परका नाही.

पहिले कारण बहुधा ती दुधाची वाटीच असते. मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या भाषेत इतकी घट्ट बसली आहे की, दूध मांजराला बाधते म्हटले तर लोक हसतात. परंतु मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रथिने असतात, आणि गाईच्या दुधातली साखर पचविण्याची पिल्लाची शक्ती वयाबरोबर घटत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पोट बिघडते. मोठ्या मांजराला ते एखादे वेळी निभावते. पाव-अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात पाणी ते कितीसे! एका दिवसाच्या जुलाबाने त्याचे डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर पूर्ववत बसत नाही, आणि अंग गार पडते. दिवाळीचा आरंभ आपण वसुबारसेने करतो. त्या दिवशी गायवासराची पूजा होते आणि पुष्कळ घरांत गाईचे दूध-तूप वर्ज्य असते. गाईचे दूध मुळात वासराचे, ही कबुली आपण वर्षातून एकदा तरी देतो. ते जसे आपले नव्हे, तसे मांजरीच्या पिल्लाचेही नव्हे, एवढेच त्या कबुलीला जोडून घ्यायचे.

मग आपण दूधच का देतो? कारण ते घरात असते, आणि वाटीत तोंड घातलेले पिल्लू पाहून आपल्यालाच बरे वाटते. नाथांची गोष्ट आपण मुलांना सांगतो: काशीहून रामेश्वराला नेलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. या गोष्टीत नाथांच्या त्यागाचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण आणखी एक गोष्ट तिथे घडली. गाढव तहानलेले होते आणि नाथांनी त्याला पाणी दिले. त्याला जे हवे होते तेच दिले. देणाऱ्याने आपल्या मनाकडे पाहण्याआधी घेणाऱ्याच्या पोटाकडे पाहिले. दयेची ही पहिली परीक्षा. जिन्याखालची वाटी तीत नापास होते.

दुसरे कारण जंत. महिन्याच्या पिल्लाच्या पोटात जंत कुठून आले, म्हणून लोक नवल करतात. ते आईच्या दुधातून येतात. मांजरीच्या अंगात गोल जंतांच्या अळ्या निद्रिस्त पडून असतात. ती व्याली आणि दूध फुटले की त्या जाग्या होतात आणि दुधाबरोबर पिल्लात उतरतात. माया आणि व्याधी एकाच धारेतून येते. त्यात आईचा दोष काहीच नाही. मग पिल्लू खाते पण वाढत नाही, पोट तेवढे टम्म होते, केस राठ होतात, आणि कधी ओकारीतून शिजलेल्या शेवयांसारखे जंत पडतात. आकडीचे जंत असले तर ते रक्त पितात आणि हिरड्या पांढऱ्याफटक दिसू लागतात. यावर औषध आहे, आणि ते महाग नाही. पायरँटेल नावाचे पातळ औषध दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लालाही पशुवैद्य देतात. मात्र मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिल्लाला आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवावे लागते. वजन अंदाजाने सांगू नये.

इथे एक धोका सांगितला पाहिजे. आमच्या शाळांतून जंतनाशक दिन पाळला जातो. २०१५ साली सुरू झालेल्या या उपक्रमात मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. ती गोळी मुलांना उत्तम मानवते. म्हणून उरलेल्या गोळीचा तुकडा पिल्लाला चारावा, असे एखाद्या कनवाळू मुलाच्या मनात येते. पण तेच औषध मांजराच्या अस्थिमज्जेला अपाय करू शकते. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी तर मोठ्या मांजराचाही जीव घेते, कारण ती निकामी करण्याची सोय त्याच्या यकृतात पुरेशी नसते. वावडिंग आणि एरंडेल यांवर आपल्या पिढ्या वाढल्या, हे खरे. पण पिल्लू म्हणजे लहान माणूस नव्हे. ज्याच्यावर आपण माया करतो तो आपल्यासारखा नसतो, हे समजण्यात मायेचा अर्धा भाग आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. औषध पाजायचे तर पिल्लाला पंच्यात गुंडाळावे लागते, जबड्याच्या कोपऱ्यातून ड्रॉपर घालावा लागतो, आणि औषध श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून थेंबाथेंबाने सोडावे लागते. ते ओरडते, बोचकारते. त्याच्या दृष्टीने हा निव्वळ जुलूम असतो. त्याची संमती नाही, ती मिळण्याचा मार्गही नाही. मग "तुझ्याच भल्यासाठी" असे म्हणून त्याच्यावर बळजोरी करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हे शब्द निरुपद्रवी नाहीत. छडी उगारणाऱ्या मास्तरांनी ते वापरले, मुलीची शाळा सोडवून तिला बोहल्यावर उभे करणाऱ्या बापांनी वापरले, आणि परक्या देशावर राज्य करणाऱ्यांनीही वापरले. म्हणून ते ऐकले की सावध व्हावे. मला या शब्दांच्या तीन अटी दिसतात. बळजोरी करणाऱ्याला खरोखर काही ठाऊक असले पाहिजे. अंदाज चालणार नाही. भले त्या जिवाचे असले पाहिजे. जिना स्वच्छ राहावा एवढाच हेतू नसावा. आणि तिसरी अट सर्वांत अवघड: ज्याने हात धरला त्याने परिणाम पाहायला थांबले पाहिजे. बाळाला गुटी पाजणाऱ्या आजीजवळ वैद्यकीची पदवी नव्हती. पण ती रात्रभर पाळण्याशी बसलेली असे. तिच्या बळजोरीला अधिकार येई तो त्या जागरणातून.

वर्गात एका मुलाने विचारले होते, "जंतालाही जीव असतो ना? मग औषध देऊन आपण पाप करतो का?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पायरँटेलने जंत लुळा पडतो, आतड्याची पकड सुटते आणि तो बाहेर फेकला जातो. तो मरतो, यात शंका नाही. पण आपण काही केले नाही तर कुणीच मरणार नाही, असे मात्र नाही. पोटात जंतांचे वेटोळे वाढू दिले तर पिल्लू जाईल, आणि त्याच्यामागून जंतही जातील. शिवाय जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात, आणि त्या मातीत खेळून हात न धुता खाणाऱ्या मुलांच्या शरीरातही अळ्या शिरू शकतात. क्वचित डोळ्यालाही इजा करतात. तेव्हा हात गुंडाळून बसणाऱ्याचेही एक मत असते, आणि ते जंताच्या बाजूने मोजले जाते. मी त्या मुलाला सांगितले की पाप असेल तर थोडे असेल, आणि ते आपण जाणूनबुजून घ्यायचे. त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. पूर्ण समाधान होऊ नये, असेच मला वाटते.

आणि आता ती पुढची तारीख. जंताच्या औषधाचा एक डोस पुरत नाही. ते आतड्यातल्या मोठ्या जंतांवर चालते. शरीरात फिरणाऱ्या अळ्यांवर नाही. दोन आठवड्यांत त्या अळ्या मोठ्या होऊन आतड्यात येतात आणि सारे पुन्हा सुरू होते. म्हणून दर दोन आठवड्यांनी, पिल्लू दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत, डोस द्यावा लागतो. बरोबर आईलाही द्यावा लागतो. पहिल्या डोसाच्या दिवशी सारी इमारत जमलेली असते. मुले उत्सुक, मोठी माणसे सल्ले देणारी. पंधराव्या दिवशी पिल्लू टुणटुणीत दिसते, पहिली हौस ओसरलेली असते, आणि ओरखडे मात्र तेवढेच निघतात. पहिला डोस दया देते. दुसरा द्यायला कर्तव्यच लागते. आपल्याकडची पुष्कळ सत्कृत्ये पहिल्या डोसापाशीच संपतात. झाडे लावतो, पाणी घालत नाही. आजाऱ्याला संत्री घेऊन भेटतो, महिन्याभराने विचारीत नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो खरा आहे. "आम्ही नोकरीवाली माणसे. सकाळची लोकल गाठायची, रात्री परतायचे. सगळे करणे जमत नाही, म्हणून थोडेही करू नये काय?" थोडे जरूर करावे, पण ते संपूर्ण थोडे असावे. पाच मांजरांना दूध पाजण्यापेक्षा एका पिल्लाला डोस पुरे करावेत. दुधाऐवजी पाण्याची वाटी ठेवावी. शिजवलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे, कांदा-लसूण नसलेले चार तुकडे दिले तर महिना-दीड महिन्याच्या पिल्लाला ते चालतात. जुलाब लागले तर त्याला उबेत ठेवावे, उपाशी ठेवू नये. रक्त पडले, ओकाऱ्या झाल्या किंवा खाणे सुटले तर घरचा उपाय न करता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, कारण एका प्राणघातक साथीची लक्षणेही अशीच असतात. पुढे लस आणि वयात येण्याआधी शस्त्रक्रिया, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच खोका निघणार नाही. हे एकट्याला जड जाते, चार घरांना नाही. एकाने वजन करावे, एकाने धरावे, एकाने पाजावे, एकाने पैसे घालावेत.

परळच्या जनावरांच्या रुग्णालयाला मुंबईकर अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. त्या जुन्या नावात आपली दृष्टी आहे: बैल नांगर ओढतो, घोडा गाडी ओढतो, म्हणून त्यांची नावे लोकांच्या तोंडी बसली. आज तिथे मांजरेही औषध घेतात, आणि ती काहीच ओढीत नाहीत. आपल्या दयेचा घेर वाढला आहे, हे यावरून दिसते. घेर वाढला, आता तिला टिकायला शिकवायचे आहे. दिवाळीच्या सुमारास नव्या वर्षाची कॅलेंडरे घराघरांत येतात. त्यांवर आपण सणवार पाहतो, दुधाचे खाडे मांडतो, गॅसची तारीख लिहितो. तिथेच, डोस दिल्यापासूनच्या पंधराव्या दिवसाच्या चौकोनात, मुलांच्या हाताने "पिल्लू" एवढे दोन अक्षरी लिहून ठेवावे. काशीचे सोन्याचे मांजर कुणाला परवडत नाही. पेन्सिलीने लिहिलेला हा शब्द सर्वांना परवडतो.