आठवड्याची १३ मिनिटे



रिपोर्ट हाती येतो. डॉक्टर एकच शब्द उच्चारतात : कॅन्सर. त्यानंतर डॉक्टर काय बोलले हे पुष्कळांना घरी आल्यावर आठवतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून धावपळ सुरू होते. पुन्हा तपासण्या, पैशांची जुळवाजुळव, कामावरची रजा, परळच्या टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या. दिवस कसा तरी निघून जातो. रात्री मात्र सगळे घर झोपते आणि आजारी माणूस छताकडे पाहत जागा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर झाला. म्हणजे तितक्याच घरांत अशा रात्री उगवल्या.

शरीरासाठी औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, केमोथेरपी आहे. या जागत्या मनासाठी काय आहे?

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातल्या संशोधकांनी हाच प्रश्न हाती घेतला. ज्यांचे कॅन्सरवरील उपचार नुकतेच, १२ आठवड्यांच्या आत, सुरू झाले आहेत अशा रुग्णांसाठी त्यांनी इंटरनेटवरून चालणारा आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम तयार केला. त्याचे नाव ‘स्ट्रीम’. रुग्णाने घरबसल्या एकेक पाठ वाचायचा, ताण म्हणजे काय ते समजून घ्यायचे, शरीर सैल सोडायला शिकायचे, मनात घोंघावणाऱ्या विचारांकडे जरा दुरून पाहायचे आणि आपल्याला काय वाटते ते लिहायचे. पलीकडे एक मानसशास्त्रज्ञ ते वाचून लेखी उत्तर देत असे. १२९ रुग्ण त्यात सहभागी झाले. त्यांत स्तनाच्या कॅन्सरवर केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियाच जास्त होत्या. काहींना कार्यक्रम लगेच मिळाला, काहींना थांबावे लागले.

२०१८ साली या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना मदत लगेच मिळाली त्यांच्या मनावरचे ओझे थांबलेल्यांपेक्षा अधिक हलके झाले होते, रोजचे जगणे अधिक सुसह्य झाले होते. थांबलेल्यांनीही नंतर कार्यक्रम पूर्ण केला तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नाही. मात्र चिंता आणि नैराश्य यांच्या बाबतीत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. म्हणजे हा काही जादूचा दिवा नव्हे.

पण त्या अहवालातील एक आकडा आम्हांला फार बोलका वाटतो. मानसशास्त्रज्ञाला एका रुग्णासाठी आठवड्याला किती वेळ द्यावा लागला? साधारण १३ मिनिटे. तेवढ्या वेळात ना हात हातात घेतला, ना चेहरा दिसला. तरीही कुणीतरी आपले लिहिलेले नीट वाचते, दर आठवड्याला न चुकता उत्तर देते, एवढ्या आधारावर माणसे सावरली.

इतक्या दुरून कधी आधार मिळतो का, असे कुणी विचारील. प्रिय भाविकहो, कफर्णहूमचा शताधिपती आठवा. त्याचा चाकर घरी वेदनांनी तळमळत होता. प्रभू येशू त्या घराचा उंबरठाही चढला नाही. शताधिपतीने केवळ शब्द मागितला आणि त्या शब्दाने चाकर बरा झाला. त्या परराष्ट्रीय माणसाची ती विनवणी आपण प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपलीशी करतो. संत पौल तुरुंगात होता तेव्हा त्याने दूरदूरच्या मंडळ्यांना पत्रांतूनच धीर दिला. शब्दामागे प्रेम असेल तर अंतर आड येत नाही.

आता काही जण म्हणतील, ज्याचा देवावर विश्वास आहे त्याला ताण कशाला येईल? मग गेथशेमाने बागेकडे पाहू या. तेथे प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा झाला, असे संत लूक सांगतो. मरणाच्या भीतीने प्रभू व्याकूळ झाला. त्याने ती भीती लपवली नाही, पित्याला सांगितली. आणि तीन शिष्यांकडून त्याने काय मागितले? उपदेश नाही, तोडगा नाही. माझ्यासोबत जागे राहा, इतकेच. म्हणून कॅन्सरचे निदान झालेली आपली बहीण घाबरली, रडली, देवावर रागावली, तर तिचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आजार ही पापाची शिक्षा आहे, हा विचार तर प्रभूने जन्मांध माणसाला बरे करताना स्पष्टपणे नाकारला आहे.

गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेले. १९२९ साली ते कॅथोलिक झाले. पहिल्या महायुद्धात ते रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे. आईवडील चौकशीला येत, तेव्हा मार्सेल यांना जाणवू लागले की कार्डावरचा मजकूर म्हणजे तो मुलगा नव्हे. पुढे त्यांनी ‘समस्या’ आणि ‘रहस्य’ असा भेद केला. समस्या आपल्यासमोर असते, ती सोडवता येते. रहस्यात आपण स्वतःच गुंतलेले असतो. तेथे सोबत करावी लागते. गाठ ही समस्या आहे, ती डॉक्टरांकडे सोपवावी. परंतु गाठ झालेला माणूस हे रहस्य आहे. फाइलमध्ये तो मावत नाही.

बाझलचा तो कार्यक्रम आपल्या भाषेत नाही, आणि आपल्या धर्मग्रामातील कित्येक वडीलधाऱ्यांना मोबाइलवर पाठ वाचणे जमणारही नाही. परंतु त्यातील धडा आपण घेऊ शकतो : मदत लवकर हवी, नेमाने हवी आणि मन लावून केलेली हवी. आज आपल्याकडे काय घडते? निदान झाल्याच्या आठवड्यात घर माणसांनी भरून जाते. कुणी काढा सांगतो, कुणी ‘आमच्या शेजाऱ्याला असेच झाले होते’ म्हणून मरणाची कहाणी सांगतो, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर दहा उपाय पाठवतो. महिन्याभराने, केमोथेरपीमुळे केस गळू लागतात तेव्हा, दारात कुणी नसते.

म्हणून आमची विनंती अशी. आपल्या वाडीत, आपल्या लहान ख्रिस्ती समूहात कुणाला हे निदान झाले, तर एका व्यक्तीने निदान आठ आठवड्यांची जबाबदारी घ्यावी. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन करावा किंवा जाऊन बसावे. १३ मिनिटे पुरे. ‘कितवी स्टेज?’ असे विचारू नये. ‘आज मन किती जड आहे?’ असे विचारावे. अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांनी यासाठी एक साधे माप तयार केले आहे : ० म्हणजे मुळीच त्रास नाही, १० म्हणजे असह्य. रुग्णाने ४ किंवा त्याहून मोठा आकडा सांगितला, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी, असे ते सुचवतात. बाकी वेळ ऐकावे. रुग्ण गप्प राहिला तर आपणही गप्प राहावे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले होते, तोवर ते चांगले मित्र होते. त्यांनी तोंड उघडले आणि सगळे बिघडले!

झोप पूर्ण उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर १३ मिनिटांवर विसंबून राहू नये. तेथे तज्ज्ञ हवा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे समुपदेशकांशी मराठीत विनामूल्य बोलता येते. तसा फोन करणे ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही.

आणि आम्हां धर्मगुरूंनाही लवकर बोलवा. आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणजे शेवटची घंटा, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. हा संस्कार केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. गंभीर आजाराचे निदान झाल्यावर, शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्ण स्वतः प्रार्थनेत भाग घेऊ शकतो तेव्हाच तो घ्यावा.

गेथशेमाने बागेत शिष्यांना झोप लागली. आज कुणाच्या तरी घरात तीच रात्र आहे. जागे राहण्याची पाळी आपली आहे.

हे प्रभू येशू, तू स्वतः भीतीची रात्र अनुभवली आहेस. ज्यांच्या हाती या आठवड्यात असा रिपोर्ट आला आहे, त्यांच्याजवळ राहा. त्यांच्या डॉक्टरांच्या हातांना बळ दे. आणि आम्हांला त्यांच्यासाठी वेळ काढण्याचे, बोलण्याआधी ऐकण्याचे मन दे. आमेन.

आपले धर्मगुरू