फाटक नसलेलं स्टेशन

दिल्ली, पुणे किंवा लंडनच्या मेट्रोत शिरताना आधी फाटक आडवं येतं. कार्ड टेकवा, मग आत. बर्लिनच्या भुयारी रेल्वेत, म्हणजे ऊ-बानमध्ये, हे फाटकच नाही. रस्त्यावरून जिना उतरलात की थेट फलाट. कागदी तिकीट काढलं, तर छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर खिशातलं तिकीट असून नसल्यासारखं. तपासनीस बरेचदा साध्या कपड्यांत डब्यात चढतात. तिकीट नसेल तर दंड 60 युरो.

चार दिवस पर्यटक म्हणून तिथे फिरताना माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. इंजिनिअरची खोड, दुसरं काय! दंड एका तिकिटाच्या साधारण 15 पट. म्हणजे 20 फेऱ्यांत एकदाच पकडला गेला, तर फुकट्याच फायद्यात. त्यात पर्यटकाला तिथे कोणी ओळखत नाही आणि चार दिवसांनी तो शहर सोडून जाणार असतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसची गोष्ट येते. अदृश्य करणारी अंगठी हाती लागली, तर माणूस सरळ का वागेल, असा तिथला प्रश्न आहे. परक्या शहरातल्या पर्यटकाच्या बोटात ती अंगठी असतेच.

यावरचं नेहमीचं उत्तर म्हणजे, 'ते लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, तो मोडायचा नाही.' मला ते पुरेसं वाटत नाही. फाटक मुंबईच्या लोकललाही नाही. टीसी कधीतरी दिसतो आणि विदाउट सापडलात तर भाड्यावर किमान 250 रुपये दंड. व्यवस्था तीच! पण दादरला आपण तिला विश्वास म्हणत नाही, गर्दीपुढचा नाइलाज म्हणतो. मग बर्लिनला पोचल्यावर तीच गोष्ट एकदम 'संस्कृती' कशी होते? फाटकं बसवायलाही पैसे लागतात, तपासनीस नेमायलाही. यात व्यवस्थेचाही काही हिशोब असणारच. मग मीच तेवढा भाबडा का राहू?

कारण माझ्या हिशोबात एक माणूस धरलेलाच नाही.

जर्मनीत विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे. दंडसंहितेचं कलम 265अ. ते 1935 साली, नाझी राजवटीत आलं. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोर्टाने केलेला दंड भरता आला नाही, तर त्याच्या बदल्यात तुरुंगात दिवस काढावे लागतात. अशी माणसं इतकी आहेत, की त्यांचा दंड देणग्यांतून भरून त्यांना सोडवणारा 'फ्रायहाइट्सफोंड्स' नावाचा उपक्रम 2021 पासून चालतो. माझ्यासाठी 60 युरो म्हणजे ट्रिपवरून सांगायचा एक किस्सा. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याची गोष्ट कोर्टापर्यंत जाऊ शकते. स्टेशन दोघांनाही सारखंच उघडं, पण पकडलं जाण्याची किंमत सारखी नाही.

फुकटे वाढले की व्यवस्था काय करते? तपासणी वाढवते, नाहीतर फाटक बसवते. तोपर्यंत मी घरी परतलेला असतो. वाढलेली तपासणी मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येते. फाटकाचा त्रासही बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना जास्त, धडधाकट पर्यटकाला कमी.

म्हणून मी चारही दिवस तिकीट काढलं. पण त्याला प्रामाणिकपणा म्हणायला माझी जीभ जड होते. तिकिटाचे पैसे खिशात होते, एवढंच. ज्याच्या खिशात नाहीत, तो विनातिकीट चढला तर त्याला मी चोर म्हणू का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण त्याच डब्यात पैसे असून तिकीट न काढणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र नक्की म्हणेन.