परदेशी शिकणाऱ्याचा पैसा कोणाचा?

आपल्यातील एखादा मुलगा वा मुलगी शिष्यवृत्ती मिळवून परदेशी गेली की वस्तीत सत्कार होतो, फलक लागतो. दोन-तीन महिने लोटले की दबक्या आवाजात एक प्रश्न सुरू होतो : पोराने घरी किती पाठवले? विचारणारे लोभी नसतात. कुंभारीत विड्या वळून ज्या मातांनी लेकरे शिकविली त्यांच्या घरी दुकानदाराची उधारी असते, धाकट्याची फी असते. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "बाबासाहेबांनी नाही का अमेरिकेतून घरी पैसे पाठवले? याला काय झाले?"

बंधु-भगिनींनो, बाबासाहेबांचे नाव घेऊन केलेली मागणी मुलाला नाकारता येत नाही. म्हणूनच ती न्याय्य आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे.

1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड. तीतून ते घरीही पाठवीत, हे खरे. पण काटकसर त्यांनी कशात केली? जेवणात. पुस्तकांत नव्हे, जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे 2,000 ग्रंथ जमविले होते. म्हणजे रमाईच्या घरी गेलेला पैसा त्यांच्या पोटातून गेला, विद्येतून नव्हे. ज्या घराला दुसरा आधारच नव्हता त्या घरासाठी त्यांनी हे केले. त्यापुढे आपण नतमस्तक होतो. परंतु एका माणसाने निरुपायाने सोसलेली उपासमार हा पुढच्या पिढीवर लावायचा नियम होऊ शकतो काय? मला तसे वाटत नाही.

आणि कथेचा दुसरा भाग आपण सांगतच नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जाण्यास 1920 साल उजाडले. त्या वेळी त्यांच्याजवळ सिडनहॅम कॉलेजातील नोकरीची शिल्लक होती, छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले 1,500 रुपये होते, आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5,000 रुपयांचे कर्ज होते. या वेळी पैसा इकडून तिकडे गेला.

तोही वाटेत झिजला. 1920 च्या आरंभी सरकारने रुपयाचा भाव 2 शिलिंग धरला होता, म्हणजे 10 रुपयांना 1 पौंड. 1921 मध्ये बाजारात तो 1 शिलिंग 4 पेन्सच्या आसपास उतरला, म्हणजे पौंडाला 15 रुपये. पहिल्या भावाने 1,500 रुपयांचे 150 पौंड झाले असते, दुसऱ्याने 100 च. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला, तो 1923 साली ग्रंथरूपाने निघाला. हा प्रश्न त्यांना केवळ पुस्तकातून कळला नसावा.

आज केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अमेरिकेसाठी वर्षाला 15,400 डॉलर निर्वाहभत्ता आहे. घरी त्याचे रुपये केले जातात, आकडा तेरा लाखांच्या वर जातो, आणि सर्वांचे डोळे विस्फारतात. पण हजार विड्या वळल्या म्हणजे हजारांची मजुरी हाती पडत नाही, त्यांतील काही बाद होतात, हे कुंभारीतील कोणत्या मातेला सांगावे लागते? तिकडे खोलीचे भाडे, जेवण, प्रवास हे सारे डॉलरमध्येच द्यायचे असते. शिवाय तो पैसा जनतेचा आहे, आणि एका विशिष्ट कामासाठी दिलेला आहे.

घरून दडपण आले की मुलगा काय करतो? अधिक तास काम धरतो. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येते. मर्यादा ओलांडली तर व्हिसाच धोक्यात येतो. कोणी स्वतःचे बँक खाते ओळखीच्याला पैसे फिरवायला देतो. त्यात तुरुंगही आहे. शीलभंगाचे हे प्रसंग मुलाच्या लोभातून नव्हे, कित्येकदा आपल्या फोनमधून जन्मतात.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगावा, दोन व्यवसायात घालावेत, चौथा संकटासाठी राखावा. विद्यार्थ्याचा व्यवसाय विद्या. घरी कोणी अंथरुणाला खिळले तर चौथ्या भागातून त्याने जरूर पाठवावे, आणि स्वतःच्या नावे, बँकेतूनच पाठवावे. किराण्याची उधारी हे त्या अर्थाने संकट नव्हे. मुलानेही घरापासून हिशेब लपवू नये. भाडे किती, उरते किती, हे आईला समजेल अशा भाषेत सांगावे. ती हिशेबात आपल्यापेक्षा पक्की असते.

मग त्या दोन-तीन वर्षांत घर कोणी चालवायचे? इथे आपण नोकरदार मंडळी गप्प होतो. सत्काराचा हार आपण आणतो, फलकावर आपले नाव छापतो. त्या मुलाच्या धाकट्या बहिणीची वर्षाची फी आणि वह्या-पुस्तके वस्तीतील पाच पगारदार घरांनी वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याकाठी किती येईल, हे पुढच्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर कागदावर मांडून पाहावे.