ऋषिऋण आणि महाविद्यालयाचा ग्रंथपाल

वैदिक परंपरेतील ऋणाची कल्पना व्यवहारातील कर्जाहून एका बाबतीत मुळातच वेगळी आहे: ज्याच्याकडून घेतले, त्याला ते परत देता येत नाही. तैत्तिरीय संहितेत देव, पितर आणि ऋषी यांची तीन ऋणे सांगितली असून, त्यांपैकी ऋषिऋण, म्हणजे ज्यांनी ज्ञान मिळवून मागे ठेवले त्यांचे देणे, ब्रह्मचर्याने म्हणजे गुरूजवळ राहून केलेल्या अध्ययनाने फिटते, असे म्हटले आहे. संहिता हे ऋण ब्राह्मणापुरते सांगते. शतपथ ब्राह्मण मात्र जो कोणी अस्तित्वात आहे तो जन्मतः ऋणी असतो असे म्हणते, मनुष्यांचे चौथे ऋण त्यात जोडते आणि अध्ययन पुरे केलेल्याला ऋषींच्या निधीचा राखणदार मानते. राखणदाराची पात्रता कुलुपाच्या किल्लीवर न ठेवता अध्ययनावर ठेवणारे शतपथाचे हे वचन आजच्या महाविद्यालयीन ग्रंथपालाला जितके लागू पडते, तितके क्वचितच दुसऱ्या कुणाला पडत असेल.

ग्रंथपालाने अध्ययन विभागांशी, विद्यार्थ्यांशी आणि परिसरातील उद्योगांशी मिळून काम करावे, अशी अपेक्षा आता सर्वत्र व्यक्त होते. शि. रा. रंगनाथन यांनी गणिताचे अध्यापन सोडून १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद स्वीकारले आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते, तर तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. दुसऱ्याने शतपथाप्रमाणेच अधिकाराचे कुंपण काढून टाकले आहे आणि तिसऱ्याने ग्रंथपालाला टेबलामागून उठून वाचकाच्या शोधात जाणे भाग पाडले आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात किंवा रत्नागिरीतच १९४५ मध्ये स्थापन झालेल्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या संस्थेत ग्रंथपाल अभ्यासक्रम ठरतानाच विभागाबरोबर बसला आणि संदर्भ कसा शोधावा, त्याची विश्वसनीयता कशी पारखावी हे त्याने विद्यार्थ्यांना शिकवले, तर तो ऋषिऋणाचीच परतफेड करीत असतो. मूळ धनको हयात नसल्याने देणे पुढच्या पिढीकडे वळते, म्हणून विद्यार्थी हा या व्यवहारात धनकोचा वारस ठरतो. त्याला केवळ सेवेचा ग्राहक समजणे या दृष्टीने अपुरे आहे.

खरी अडचण उद्योगाच्या बाबतीत उभी राहते. पूर्वपक्ष असा मांडता येईल की, मासळीप्रक्रिया करणारा कारखाना सुरिमीच्या, म्हणजे काटे काढून धुतलेल्या मासळीच्या लगद्याच्या, साठवणुकीविषयी महाविद्यालयाकडून माहिती घेतो आणि मोबदला देतो, तेव्हा ज्ञान विकले जाते आणि विकण्याने ऋण फिटत नाही. या आक्षेपाला परंपरेत आधार आहे. मनुस्मृतीने वेतन ठरवून शिकवणाऱ्या भृतकाध्यापकाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले, मात्र अध्ययन संपल्यावर दिलेली गुरुदक्षिणा मान्य केली. परंतु आजचा प्रत्येक अध्यापक आणि ग्रंथपाल वेतन घेऊनच काम करतो, आणि त्या वेतनामुळेच गरीब घरातील माणूसही विद्येच्या क्षेत्रात उभा राहू शकला. त्यामुळे मनूची ही रेषा आता टिकवता येत नाही आणि टिकवूही नये. कसोटी मोबदल्यावरून हलवून ज्ञान शेवटी कुठे पोहोचते यावर आणली पाहिजे.

ही कसोटी लावल्यास निष्कर्ष थोडा अनपेक्षित येतो. ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते ते पेटंट, म्हणजे शोधाचा तपशील जाहीर करण्याच्या बदल्यात भारतात वीस वर्षांसाठी मिळणारा अनन्य हक्क, तुलनेने ऋणकल्पनेच्या जवळ आहे, कारण मुदतीनंतर ते ज्ञान सर्वांचे होते. उलट कराराच्या कागदात शांतपणे बसलेली बेमुदत गोपनीयतेची अट निधी कायमचा पुरून टाकते. उद्योगाशी सहकार्य करताना गोपनीयतेला मुदत असावी आणि निष्कर्षांची एक प्रत ग्रंथालयात परत यावी, असा आग्रह ग्रंथपालाने धरणे हा त्याच्या धर्माचाच भाग मानावा लागेल.

याहून अवघड प्रश्न असा की, ऋषी कोणाला म्हणावे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील मच्छीमाराला वारा, उधाण आणि मासळीच्या फिरण्याविषयी जे ठाऊक असते, किंवा हापूसच्या मोहोराविषयी बागायतदाराला जे कळते, ते पिढ्यांनी मिळवलेले ज्ञानच आहे, पण ते बहुतांशी लिहिलेले नाही. अलिखित असण्याची किंमत हळदीच्या प्रकरणात दिसली. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुने लिखित आणि मुद्रित पुरावे दाखल करून ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. परदेशातील केवळ तोंडी चालत आलेला वापर त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात पुरेसा नव्हता. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादकांचा सामूहिक हक्क, हेही अशा नोंदींवरच अवलंबून असते, कारण त्याच्या अर्जात मालाचे मूळ सिद्ध करणारा ऐतिहासिक पुरावा द्यावा लागतो.

म्हणून विभाग, विद्यार्थी आणि ग्रंथपाल यांनी मिळून अशा ज्ञानाची नोंद करणे हे ऋषिऋण आणि मनुष्यऋण एकत्र फेडणारे काम आहे; मात्र नोंद होताच ते कारखान्यालाही फुकट उपलब्ध होते आणि सांगणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, हा धोका खरा आहे. यासाठी सांगणाऱ्याची संमती घेतली जावी, त्याची इच्छा असल्यास नोंदीत त्याचे नाव असावे, कोणता भाग खुला ठेवायचा हे त्याच्या समाजाने ठरवावे आणि तयार झालेली नोंद मराठीत त्याच्या गावच्या वाचनालयातही ठेवली जावी.